खाडीचा तळ मोजायचाय? आधी काठावर पट्टी रोवा

मच्छीमार सोसायटीला गाळ काढण्याचा प्रस्ताव द्यायचा असतो, कुणाला जेट्टी लांबवायची असते, कुठे अभियांत्रिकीच्या मुलांचा प्रकल्प असतो. आवाजाच्या प्रतिध्वनीने खोली मोजणारा इको साउंडर किंवा फिश फाइंडर मिळवला जातो, होडी दोन तास इकडून तिकडे फिरते आणि संध्याकाळपर्यंत रंगीत नकाशा तयार होतो. आठवड्याने दुसरा कुणी मोजतो, तर त्याच जागी खोलीत मीटर-दीड मीटरचा फरक. मग दोघंही यंत्राला शिव्या घालतात.

यंत्र बहुतेक वेळा बरोबर असतं. ते तळापर्यंतचं पाणी मोजतं, आणि आपल्याकडे पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून खाली मोजतात. ओहोटीला पाणी ज्याच्या खाली क्वचितच जातं अशी ही ठरवून घेतलेली पातळी. म्हणजे मोजलेल्या प्रत्येक आकड्यातून त्या मिनिटाची भरती वजा करावी लागते. ती वजाबाकी कुठून करायची, हे होडी सुटण्याआधी काठावर ठरतं. म्हणून पुढचा क्रम बदलू नका.

१. क्षेत्र, रेषा आणि परवानगी

आधी कागदावर हद्द आखा. खाडीचं मुख, वाळूचा दांडा आणि जेट्टीपर्यंतचा मार्ग एवढं पुरत असेल तर सगळी खाडी अंगावर घेऊ नका.

रेषा किनाऱ्याला काटकोनात मारायच्या, म्हणजे उतार ओलांडून जाणाऱ्या. खाडीच्या लांबीने मारलेल्या रेषा चालवायला सोप्या पडतात, पण दोन रेषांच्या मध्ये अख्खा दांडा लपून राहू शकतो. अंतराचा जुना हिशेब असा, की नकाशावर दोन रेषांमध्ये १ सेंमी. १:५००० ला ५० मीटर, १:२००० ला २० मीटर. दांड्यावर आणि धक्क्यासमोर त्याच्या निम्मं ठेवा.

वेळेचा अंदाज आत्ताच काढा. ३०० मीटर रुंद, दीड किलोमीटर लांब पट्टा आणि २५ मीटर अंतर धरलं तर ६१ रेषा होतात, म्हणजे सव्वाअठरा किलोमीटर. ४ नॉटने, ताशी साधारण साडेसात किलोमीटरने, नुसत्या रेषांनाच अडीच तास लागतात. वळणं, खोळंबा, जाळी चुकवणं धरून चार. एका भरतीत हे बसत नाही, तेव्हा दोन दिवस धरा.

स्थानिक बंदर कार्यालयाचं लेखी पत्र घ्या, सागरी पोलीस ठाण्याला कळवा आणि खाडीत जाळी लावणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. शेवटचं काम लोक विसरतात, आणि मग पंख्यात जाळं अडकून अर्धा दिवस जातो.

२. दिवस कोणता, वेळ कोणती

ऑक्टोबरअखेर ते मे हा हंगाम. पावसाळ्यात मुखावरच्या लाटा काम करू देत नाहीत. दिवसातली वेळ सकाळची. मतलई वारा असेपर्यंत पाणी शांत राहतं, दुपारी खारा वारा सुटला की होडी डोलायला लागते. होडी वर-खाली झाली की तेवढाच फरक खोलीत उतरतो. लाटांची चढउतार भरपाई करणारं सेन्सर नसेल, तर ३०-४० सेंमीच्या लाटेला काम थांबवलेलं बरं.

भरतीच्या अंदाजासाठी तिथीची पाऊणपट किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरा जुळतो. दक्षिणेला भरती आधी येते, म्हणून मालवणला तो तसाच लावू नका. होडी कधी काढायची हे ठरवायला तिथी पुरते, खोलीतून वजा करायला अजिबात नाही.

उधाण (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची छोटी) यांची कामं वेगळी आहेत:

- भांगाच्या दिवसांत पाणी हळू चढतं-उतरतं, प्रवाहही कमी असतो. मुख्य पात्र तेव्हा मोजा.
- उधाणाच्या भरतीत होडी दांड्यावर आणि कांदळवनाच्या कडेला जाऊ शकते. उथळ भाग तेव्हा.
- उधाणाच्या ओहोटीत खडप उघडी पडते. तेव्हा होडी नको, जीपीएस घेऊन खडकांचे माथे पायी फिरून टिपा. उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणून उजेड बघून निघा. सगळ्यांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतं.

*सावध:* मुखातून बाहेर ओहोटीचा ओढा आणि समोरून लाट, अशा वेळी दांड्यावर पाणी फुटतं. आतून ते सपाट दिसतं. होडी चालवणारा तांडेल नको म्हणाला तर नको.

३. टाइड पोल, म्हणजे भरती मोजायची पट्टी

सगळं काम यावर उभं आहे, आणि सगळ्यांत जास्त हेच टाळलं जातं. "भरतीचं पुस्तक आहे की," असं म्हणतात. पुस्तकात बंदराचा अंदाज असतो. तुमच्या खाडीत पाणी अरुंद मुखातून शिरतं, वारा ते ढकलतं, वरून नदीचं पाणी येतं. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत २०-३० सेंमीचा फरक सहज पडतो. गाळाच्या भाषेत सांगायचं तर एका हेक्टरवर १० सेंमी म्हणजे १००० घनमीटर. तेवढ्या गाळाचं बिल कोण भरणार?

पट्टी. सपाट फळी किंवा सर्व्हेचा अॅल्युमिनियम स्टाफ. रत्नागिरीच्या दक्षिणेला ४ मीटर पुरते, मुंबई-अलिबागकडे ६ मीटर लागते. १०-१० सेंमीचे काळे-पांढरे पट्टे आणि तळहाताएवढे आकडे रंगवा, म्हणजे धक्क्यावरून वाचता येतात. बारीक रेघा घालू नका, पाणी हलत असताना त्या वाचता येत नाहीत.

जागा. धक्क्याचा खांब किंवा जांभ्याची पक्की भिंत. सगळ्यांत खालच्या ओहोटीलाही पट्टीचा पाय पाण्यात राहिला पाहिजे. बोटी लागतात ती बाजू टाळा. ओहोटीला सुटं डबकं उरतं अशा खळग्यातही लावू नका. मुख्य पाणी उतरत राहतं आणि पट्टी जागच्या जागी आकडा दाखवते. ओळंबा लावून सरळ करा, तीन ठिकाणी बांधा. खांबावरची कालवं आधी खरवडून काढा, नाहीतर पट्टी टेकत नाही आणि दोर घासून तुटतो.

जोडणी. आता पट्टीचा शून्य डेटमशी जोडायचा. बंदर कार्यालयाकडून जवळचा बेंचमार्क (उंची ठरलेली पक्की खूण) आणि चार्ट डेटमपासूनची त्याची उंची मिळवा, ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने) पट्टीपर्यंत लेव्हल आणा आणि परत बेंचमार्कवर जाऊन बंद करा. समजा बेंचमार्क डेटमच्या ३.८५ मीटर वर आहे आणि पट्टीचा शून्य बेंचमार्कच्या ४.१५ मीटर खाली. मग शून्य डेटमच्या ०.३० मीटर खाली आला. म्हणजे पट्टीवरच्या प्रत्येक रीडिंगमधून ०.३० वजा केले की त्या क्षणाची भरती मिळाली. हे वाक्य फील्डबुकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

इथली नेहमीची घसरण अशी: सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरची उंची सरासरी समुद्रपातळीपासूनची असते, चार्ट डेटमपासूनची नव्हे. मुंबईत अपोलो बंदरला सरासरी पातळी डेटमच्या २.५१ मीटर वर आहे. दोन्ही एकच समजलात तर नकाशावर नसलेलं अडीच मीटर पाणी जास्त दिसतं. दक्षिणेकडे फरक कमी आहे, पण चूक तीच. जीपीएसने थेट उंची घेणाऱ्यांनी आणखी जपावं. उपग्रह देतो ती एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची, आणि आपल्या किनाऱ्यावर ती समुद्रपातळीपाशी उणे साठ मीटरहून खाली दिसते.

जवळपास डेटम जोडलेला बेंचमार्क नसेल, तर आपली पट्टी आणि जवळच्या बंदराची पट्टी एकाच वेळी किमान २५ तास वाचा, म्हणजे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन्हीकडच्या पातळ्या ताडून डेटम आपल्याकडे आणता येतो. ही तात्पुरती सोय झाली. पक्क्या कामाला महिनाभराची, निदान २९ दिवसांची नोंद लागते.

वाचन. मोजणीच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत, दर १० मिनिटांनी. दहाच का? अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती ४.४२ आणि ओहोटी ०.७६ मीटर, फरक ३.६६. मधल्या तासांत त्यातला पाव हिस्सा, म्हणजे तासाला ९० सेंमी. दहा मिनिटांत पंधरा. अर्ध्या तासाने वाचलं तर मध्ये काय झालं ते कळतच नाही. प्रत्येक वेळी अर्धा-एक मिनिट बघा, लाटेचा वरचा आणि खालचा आकडा घ्या, सरासरी लिहा.

पट्टीवर बसणारा माणूस हा सगळ्यांत विश्वासू माणूस असावा. कंटाळून मागचे तीन आकडे अंदाजाने भरणाऱ्याला तिथे बसवू नका.

खाडीत आत कित्येक किलोमीटर जायचं असेल तर एका पट्टीवर भागत नाही. वाशिष्ठीत दाभोळच्या मुखापासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीचं पाणी जातं. मुखाशी उतरायला लागलं तरी आत ते अजून चढत असतं. दोन्ही टोकांना पट्ट्या लावा आणि मधल्या जागांसाठी अंतराच्या प्रमाणात पातळी काढा.

*तपासणी:* काम संपल्यावर पट्टीची लेव्हल पुन्हा घ्या. सकाळच्या लेव्हलशी एखाद्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पट्टी हलली. कधी हलली ते कळत नसेल तर तो दिवस बाद.

४. होडी आणि ट्रान्सड्यूसर

२०-२५ फुटी फायबरची होडी चांगली. ५० मिमी पाइप होडीच्या कुशीला, लांबीच्या मध्यावर, उभा घट्ट बांधा. वरच्या टोकाला जीपीएसचा अँटेना, खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग. दोन्ही एकाच उभ्या रेषेत असले की आडवं अंतर धरायची कटकट राहत नाही. मागे इंजिनाजवळ लावू नका. पंख्याच्या बुडबुड्यांतून आवाज जात नाही आणि पडद्यावर नुसता कचरा दिसतो.

ट्रान्सड्यूसरचं तोंड पाण्याखाली ४०-५० सेंमी ठेवा आणि ते अंतर पाइपवर रंगवलेल्या खुणेवरून मोजा. मोजताना सगळी माणसं, डिझेल, बॅटरी आपापल्या जागी हवीत. रिकाम्या होडीवर मोजून मग चार माणसं चढली की होडी काही सेंटिमीटर खाली बसते, आणि दिवसभराच्या प्रत्येक खोलीत तेवढी चूक राहते. दुपारी पुन्हा मोजा.

फिश फाइंडर वापरत असाल तर हे आधी बघा: एकक मीटर आहे ना, की फूट? 'कील ऑफसेट' (ट्रान्सड्यूसरची खोली आपोआप मिळवणारी सोय) शून्य आहे ना? कुणीतरी आधीच त्यात आकडा भरलेला असतो, आपण हिशेबात पुन्हा भरतो, आणि ट्रान्सड्यूसरची खोली दोनदा मिळवली जाते.

घड्याळाचं तर विचारूच नका. जीपीएस जागतिक वेळ लिहितो, पट्टीवरचा माणूस आपली. फरक साडेपाच तासांचा. भरती ते ओहोटी सव्वासहा तास, त्यामुळे हा फरक राहिला तर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीची पातळी वजा होते. सकाळी पट्टीवाल्याचं घड्याळ जीपीएसच्या पडद्यावरून सेकंदापर्यंत लावा.

५. बार चेक

आवाज पाण्यात किती वेगाने जातो यावर यंत्राची खोली ठरते. बहुतेक यंत्रं सेकंदाला १५०० मीटर धरतात. २८ अंशांच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात खरा वेग साधारण १५४१, आणि पावसानंतर खाडीच्या मचूळ पाण्यात १५१० च्या आसपास. १० मीटर खऱ्या खोलीला १५०० वर ठेवलेलं यंत्र समुद्रात ९.७३ दाखवेल. ३ मीटरला चूक ८ सेंमीच. उथळ खाडीत ट्रान्सड्यूसरचं अंतर चुकणं याहून महाग पडतं, म्हणून डोकं आधी तिकडे लावा.

बार चेकने हे तपासायची पद्धत: दोन फूट लांबी-रुंदीचा लोखंडी पत्रा चार साखळ्यांनी आडवा बांधून ट्रान्सड्यूसरखाली सोडा. साखळीवर पाण्याच्या पृष्ठभागापासूनच्या खुणा हव्यात. दोर ताणतो, म्हणून साखळीच. २, ४, ६, ८ मीटरला थांबवून यंत्राचा आकडा आणि ट्रान्सड्यूसरची खोली मिळून साखळीच्या आकड्याशी जुळतात का बघा. फरक सगळीकडे सारखाच असेल तर ट्रान्सड्यूसरचं अंतर चुकलं. खोलीबरोबर वाढत असेल तर आवाजाचा वेग चुकला, तो बदला. बदलायची सोय नसेल तर फरकांचा तक्ता करून नंतर दुरुस्ती लावा.

सकाळी आणि संध्याकाळी करा, पाणी संथ असताना. ऑक्टोबरात मुखाशी एक आणि आत एक, कारण तेव्हा वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं.

६. रेषा मारणं

४ नॉटच्या वर जाऊ नका. वेगात ट्रान्सड्यूसरखाली हवा जाते आणि होडीचा मागचा भाग बसतो.

पहिल्या तासात एक चाचणी करा. तीव्र उताराची एक जागा निवडा आणि तीच रेषा जाताना-येताना दोनदा मारा. उतार दोन्ही वेळा एकाच जागी दिसला पाहिजे. जीपीएस आणि साउंडर यांच्या वेळेत १ सेकंदाचा फरक असेल, तर ४ नॉटला जागा २ मीटर सरकते, आणि परतीच्या रेषेवर ती उलट बाजूला सरकते. ही चाचणी न करता काढलेल्या नकाशावर समखोली रेषा करवतीच्या दातांसारख्या येतात. तो नकाशा बघताक्षणी ओळखता येतो.

मग मुख्य रेषा. त्या संपल्यावर त्यांना काटकोनात छेदणाऱ्या तीन-चार तपासणी रेषा, शक्यतो वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या भरतीला. वेळ कमी पडला की लोक आधी याच गाळतात. नका गाळू. भरती, वेळ, ट्रान्सड्यूसर, कुठलीही चूक असो, ती इथेच पकडली जाते.

पडद्यावर तळ अचानक दुप्पट खोल दिसला तर तो दुसरा प्रतिध्वनी असू शकतो. कठीण खडकावर आणि उथळ पाण्यात यंत्र असं फसतं. 'ऑटो' बंद करून रेंज हाताने लावा.

७. शिशाचा गुंडा

तीन-चार किलोचा गुंडा आणि न ताणणारा दोर, दर १० सेंमीला खूण. वावात (पसरलेल्या दोन हातांच्या मापात) मोजणारे जुने हात अजून किनाऱ्यावर आहेत, पण इथे मीटरच लिहा. गुंड्याच्या तळाला खळगा असतो, त्यात कपड्याचा साबण भरा. वर काढला की वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चिकटून येतो. खडकावर नुसता ओरखडा येतो.

मऊ चिखल असेल तिथे आकडे भांडतात. २०० किलोहर्ट्झचा आवाज चिखलाच्या वरच्या थरावरून परततो, ३३ चा त्यात शिरतो, आणि गुंडा त्याच्या वजनाने बुडेल तिथपर्यंत जातो. तिन्ही आकडे आपापल्या परीने खरे. कुठला लिहायचा हे काम ठरवतं, आणि तो कुठला हे नकाशावर लिहावंच लागतं.

८. हिशेब

नकाशाची खोली = यंत्राचा आकडा + ट्रान्सड्यूसरची खोली − भरती.

पट्टीवर १.९५. शून्य डेटमच्या ०.३० खाली, म्हणून भरती १.६५. यंत्र म्हणतं ३.४२, ट्रान्सड्यूसर ०.४० खाली, मिळून ३.८२. त्यातून १.६५ गेले, उरले २.१७ मीटर.

त्याच वेळी दांड्यावर यंत्र ०.६० दाखवतं. मिळून १.००, वजा १.६५, आले उणे ०.६५. घाबरून हा आकडा पुसू नका. ती जागा डेटमला ६५ सेंमी उघडी पडते. नकाशावर असा आकडा अधोरेखित करतात.

९. सफाई आणि नकाशा

आधी तपासणी रेषा. छेदाच्या जागी दोन्ही खोल्यांतला फरक काढा. फरक एकाच बाजूला झुकत असतील तर भरती किंवा ट्रान्सड्यूसरमध्ये गोम आहे, मागे जा. इकडे-तिकडे विखुरलेले असतील तर ते लाटांचं काम. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ मानकात बंदराच्या कामासाठीच्या 'स्पेशल' दर्जाला १० मीटर खोलीवर चूक साधारण २६ सेंमीच्या आत लागते, '१अ' दर्जाला ५२. आपण कुठे बसतो ते प्रामाणिकपणे लिहा.

मासे, बुडबुडे यांचे टोकदार आकडे काढून टाका, पण एकाकी उथळ आकडा काढण्याआधी त्या जागी गुंडा सोडून या. तो खडक असू शकतो. पूर्णांक करताना नेहमी उथळ बाजूला: २.१७ चे २.१, कधीच २.२ नाही.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड करताना, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवरून मधल्या चौकटी भरताना, किनाऱ्याची हद्द आधी घाला आणि यूटीएम या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीचा ४३ उत्तर विभाग निवडा. हद्द नसेल तर सॉफ्टवेअर जमिनीवर आणि भाटावरही खोली काढून दाखवतं. रेषांच्या मधल्या जागेतला सुबक रंग मोजलेला नसतो, म्हणून मोजलेले आकडे नकाशावर दिसू द्या.

कोपऱ्यात लिहा: मोजणीची तारीख, डेटम, पट्टीची जागा आणि बेंचमार्क, धरलेला आवाजाचा वेग, रेषांचं अंतर, यंत्राची वारंवारता. तारीख सगळ्यांत ठळक. पावसाळ्यात मुखावरची वाळू जागा बदलते, आणि मे महिन्याचा नकाशा हातात घेऊन सप्टेंबरात दांडा ओलांडायला जाणारा कुणीतरी असतोच. पाऊस सरल्यावर त्याच रेषा, तोच बेंचमार्क, तोच ट्रान्सड्यूसर घेऊन पुन्हा मोजा आणि दोन्ही ग्रिडची वजाबाकी करा. किती गाळ आला आणि किती वाहून गेला, ते घनमीटरमध्ये हाती येईल.